मायकेल फॅराडे : उमेदवारीपासून आचार्यपदापर्यंत

शाळेंतील शेवटचें वर्ष जवळ आलें म्हणजे घरोघर एकच प्रश्न ऐकूं येतो : पुढें काय करावयाचें? ज्या मुलाला अगर मुलीला शास्त्रीय विषयांची गोडी असते, तिच्या घरीं तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. वकील, वैद्य किंवा शिक्षक कसें व्हावें हें आईबापांना ठाऊक असतें. परंतु सृष्टीचे नियम शोधून काढणें हा पोटापाण्याचा उद्योग कसा होऊं शकतो, आणि त्यांत पहिलें पाऊल कोठें टाकावें, हें सांगणारा मनुष्य सहसा भेटत नाहीं. असा तयार रस्ता ज्याच्यापुढें मुळींच नव्हता, अशा मायकेल फॅराडे या थोर शास्त्रज्ञाचें चरित्र म्हणूनच आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं वाचण्याजोगें आहे.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडन शहराच्या दक्षिणेस न्यूइंग्टन बट्स येथें झाला. बाप जेम्स हा लोहार होता. पण त्याची प्रकृति नेहमीं नादुरुस्त असल्यामुळें मिळकत बेताचीच होती. १८०१ सालच्या महागाईंत मायकेलच्या वांट्याला आठवड्याला एक पाव येई, व तो त्याला आठवडाभर पुरवावा लागे. वाचन, लेखन व थोडे हिशेब एवढ्यावरच त्याचें शालेय शिक्षण संपलें. मात्र घरांत देवाचें भय होतें. हें कुटुंब सँडेमनियन नांवाच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचें होतें. पवित्र शास्त्राला धरून साधेपणानें चालावें व धनाचा सांठा करूं नये, अशी त्या मंडळीची शिकवण होती. ही शिदोरी मायकेलला जन्मभर पुरली.

१८०४ सालीं तो ब्लँडफर्ड रस्त्यावरील जॉर्ज रिबो यांच्या दुकानीं निरोप्या म्हणून लागला. रिबो पुस्तकें विकीत व बांधीत. पोऱ्याचा इमानीपणा पाहून त्यांनीं दुसऱ्याच वर्षीं त्याला कसलीहि फी न घेतां सात वर्षांच्या उमेदवारीवर ठेवून घेतलें. बांधावयास आलेलीं पुस्तकें मायकेल नुसतीं शिवीत नसे, तर कामाच्या फुरसतींत वाचीतहि असे. आणि रिबोंनीं त्याला कधीं हटकलें नाहीं. ब्रिटानिका ज्ञानकोशांतील विजेवरील लेख त्यानें येथेंच वाचला. जेन मार्सेट या विदुषीनें संवादरूपानें लिहिलेलें रसायनशास्त्राचें पुस्तक येथेंच त्याच्या हातीं पडलें. वाचलेलें खरें आहे कीं नाहीं, हें तो खिशांतील चार पेन्यांचें साहित्य आणून प्रयोगानें पडताळून पाही. पुढें जगद्विख्यात झाल्यावरहि तो आपले निबंध मार्सेटबाईंना कृतज्ञतेनें पाठवीत असे.

१८१० सालीं टेटम नांवाच्या गृहस्थांच्या घरीं सायंकाळीं सृष्टिशास्त्रावर व्याख्यानें होत असत. दर व्याख्यानास एक शिलिंग फी होती, आणि उमेदवाराजवळ शिलिंग कोठला? त्याचा वडील भाऊ रॉबर्ट हाहि लोहारच होता. ऐरणीवर घाम गाळून मिळविलेल्या पैशांतून त्यानें धाकट्या भावाची फी भरली. त्याच वर्षीं बाप वारला. तरीहि ही व्याख्यानें चालू राहिलीं. मायकेलनें तेथें नुसतें श्रवण केलें नाहीं. त्यानें टिपणें काढलीं, घरीं येऊन तीं स्वच्छ लिहिलीं, आणि उपकरणांच्या आकृति नीट काढतां याव्या म्हणून रिबोंच्या घरीं राहणाऱ्या एका फ्रेंच चित्रकाराकडून यथादर्शनाची कला शिकून घेतली. समवयस्क मित्रांशीं तो शास्त्रीय विषयांवर चर्चा करी व त्यांतील एकाकडून आपलें व्याकरण सुधारून घेई.

हीं टिपणें दुकानांतील एका गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडलीं, आणि त्या डान्स नामक सद्गृहस्थांनीं १८१२ सालीं मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. डेव्ही हे त्या काळचे अग्रगण्य रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांचीं व्याख्यानें ऐकून मायकेलचा निश्चय ठरला. पण निश्चय ठरला म्हणून दार उघडत नाहीं. रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना त्यानें लिहिलेल्या पत्राला उत्तरच आलें नाहीं. ऑक्टोबरांत उमेदवारी संपली, व तो दुसऱ्या एका पुस्तकबांधणाराकडे कारागीर म्हणून राहिला. तेव्हां वर्षाच्या अखेरीस त्यानें डेव्हींच्या व्याख्यानांचीं आपलीं टिपणें आकृतींसह लिहून काढलीं, स्वतःच्या हातानें तीं बांधलीं, आणि तो सुमारें तीनशें पानांचा ग्रंथ पत्रासह डेव्हींकडेच पाठवून दिला.

डेव्हींनीं त्याला भेटीस बोलाविलें. पण सल्ला दिला तो पुस्तकबांधणीच न सोडण्याचा! शास्त्राची सेवा कठोर असून तींत द्रव्यप्राप्ति अल्प, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. व्यापारानें मनुष्य स्वार्थी बनतो व शास्त्राच्या व्यासंगानें उदार होतो, अशी मायकेलची समजूत होती. ती ऐकून डेव्हींना हंसूं आलें. त्या गोष्टीचा निकाल त्यांनीं त्याच्या पुढील अनुभवावर सोपविला. कांहीं आठवड्यांनींच प्रयोगशाळेंतील मदतनीसाला मारामारीबद्दल काढून टाकण्यांत आलें, आणि १ मार्च १८१३ रोजीं मायकेलची त्या जागीं नेमणूक झाली. दर आठवड्यास पंचवीस शिलिंग, राहण्यास माळ्यावरच्या दोन खोल्या, शिवाय जळण व मेणबत्त्या, असा पगार ठरला.

काम होतें उपकरणें धुण्यापुसण्याचें व व्याख्यानांच्या वेळीं साहित्य मांडून देण्याचें. त्यांत धोकाहि होता. एका स्फोटक द्रव्यावरील प्रयोगांत त्याच्या हाताला जखमा झाल्या. परंतु फॅराडे यांनीं या हलक्या कामाला शाळा मानलें. कोणता वक्ता श्रोत्यांचें लक्ष कसें वेधतो, कोठें कंटाळा आणतो, हें ते साहित्य मांडतां मांडतां बारकाईनें पाहात व मित्राला पत्रांतून कळवीत. पुढें त्यांनीं वक्तृत्वकलेचें रीतसर शिक्षणहि घेतलें.

१८१३ च्या ऑक्टोबरांत डेव्ही युरोपच्या प्रवासास निघाले व त्यांनीं फॅराडे यांना बरोबर नेलें. ऐन वेळीं डेव्हींच्या हुजऱ्यानें येण्याचें नाकारलें, म्हणून तींहि कामें फॅराडे यांच्याच गळ्यांत पडलीं. डेव्हींच्या पत्नी तर त्यांना घरगड्याप्रमाणेंच वागवीत. अपमान असह्य होऊन परत फिरावें असें त्यांच्या मनांत अनेकदां आलें. पण या प्रवासांत जें शिकावयास मिळत होतें तें दुसरीकडे मिळण्यासारखें नव्हतें. पॅरिसमध्यें अँपियर, मिलानमध्यें वयोवृद्ध व्होल्टा यांचें दर्शन घडलें. फ्लॉरेन्स येथें प्रचंड भिंगानें सूर्यकिरण एकवटून हिरा जाळला, तो प्रयोग पाहावयास मिळाला. फ्रेंच व इटालियन भाषांचा परिचय झाला. १८१५ च्या एप्रिलमध्यें परत येणारा तरुण आतां केवळ बाटल्या धुणारा राहिला नव्हता. दुसऱ्याच वर्षीं त्याचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला.

१८२१ सालीं फॅराडे यांचें सारा बर्नार्ड यांच्याशीं लग्न झालें. त्याच वर्षीं विद्युत्प्रवाह वाहणारी तार लोहचुंबकाभोंवतीं फिरत राहते, हें त्यांनीं दाखवून दिलें. विजेच्या मोटारीचें बीज तें हेंच. परंतु या विषयावर वोलॅस्टन नांवाचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ आधींपासून विचार करीत होते. घाईघाईनें छापलेल्या निबंधांत त्यांचा उल्लेख राहिला, आणि फॅराडे यांच्यावर दुसऱ्याची कल्पना चोरल्याचा आळ आला. पुढें रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठीं त्यांचें नांव सुचविलें गेलें, तेव्हां विरोध केला तो खुद्द अध्यक्ष डेव्ही यांनीं! १८२४ च्या जानेवारींत फॅराडे निवडून आले. विरुद्ध मत एकच पडलें. शास्त्रज्ञांच्या मनांतहि मत्सर शिरतो, हा डेव्हींनीं अनुभवावर सोपविलेला धडा अशा रीतीनें डेव्हींकडूनच मिळाला. तथापि ज्या हातानें आपणांस वर घेतलें, त्याच्याविषयीं फॅराडे यांनीं शेवटपर्यंत आदरच बाळगिला.

१८२५ सालीं ते प्रयोगशाळेचे संचालक झाले. कारखानदार व सरकारी खातीं त्यांच्याकडे निरनिराळे पदार्थ तपासावयास पाठवूं लागलीं, व १८३० सालीं अशा कामांतून त्यांना सुमारें १,००० पौंडांची प्राप्ति झाली. तें काम वाढवावें तर मोठी दौलत हातीं येणार होती. पण संशोधनाला वेळ उरणार नव्हता. दोन्ही साधणें शक्य नाहीं हें ओळखून त्यांनीं तें बहुतेक काम हळूहळू सोडून दिलें. पोटापुरतें मिळत असतां अधिक द्रव्यासाठीं आपलें पाचारण टाकणें त्यांच्या धर्मबुद्धीला रुचलें नाहीं.

विजेपासून चुंबकत्व निर्माण होतें, तर चुंबकापासून वीज कां होऊं नये, हा प्रश्न त्यांना बरींच वर्षें छळीत होता, व पूर्वीचे प्रयत्न फसले होते. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं त्यांनीं एका लोखंडी कड्यावर तांब्याच्या तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळलीं. तारांचे वेढे एकमेकांस चिकटूं नयेत म्हणून मध्यें सुती कापड व दोरा घातला. दुकानांतील बोटांचें कसब येथें उपयोगीं पडलें. एका वेटोळ्यांतील प्रवाह सुरू अगर बंद करतांच दुसऱ्याला जोडलेली सुई हलली. प्रवाह स्थिर असतांना मात्र ती हलत नसे. पुढें ऑक्टोबरांत, पोकळ वेटोळ्यांत चुंबक आंतबाहेर हालविल्यानेंच वीज उत्पन्न होते, असेंहि सिद्ध झालें. आज विजेच्या कारखान्यांतील जनित्रें व रस्त्यावरील रोहित्रें याच तत्त्वावर चालतात.

१८३३ सालीं त्यांना रसायनशास्त्राचें आचार्यपद मिळालें. त्यांना उच्च गणित येत नव्हतें. त्यांच्या कल्पनांना गणिताचें रूप पुढें मॅक्सवेल यांनीं दिलें. पण प्रत्येक प्रयोगाची, फसलेल्याचीसुद्धां, नोंद ठेवण्याची उमेदवारींतील संवय त्यांनीं सोडली नाहीं. त्यांच्या रोजनिशींत सोळा हजारांवर अनुक्रमांकांच्या नोंदी आहेत. मुलांसाठीं नाताळांत त्यांनीं एकोणीस वर्षांच्या हंगामांत व्याख्यानमाला दिल्या. साध्या मेणबत्तीवरील त्यांची व्याख्यानमाला १८६१ सालीं ग्रंथरूपानें निघाली. दीपगृहांच्या सुधारणेसाठीं त्यांनीं अनेक वर्षें सल्लागार म्हणून काम केलें. दर रविवारीं ते आपल्या लहानशा मंडळींत उपासनेस बसत व कांहीं काळ तिचे वडीलहि होते. सरदारकी व रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद त्यांनीं नम्रपणें नाकारिलें. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं हॅम्प्टन कोर्ट येथें त्यांनीं देह ठेविला, व हायगेट येथें अत्यंत साधेपणानें त्यांचें दफन झालें.

विद्यार्थिमित्रांनो, फॅराडे यांना डेव्हींच्या प्रयोगशाळेंतील जागा मदतनीसाच्या भांडणामुळें मिळाली, हें खरें. पण ती मोकळी झाली तेव्हां डेव्हींच्या टेबलावर तीनशें पानांचा तो ग्रंथ आधींच येऊन पडलेला होता. संधि केव्हां येईल हें आपल्या हातीं नाहीं. ती येण्यापूर्वीं आपली वही लिहून तयार ठेवणें मात्र आहे. आणि ज्यांच्या हाताखालीं तुम्ही शिकाल, तेहि माणसेंच आहेत; त्यांच्याकडून विद्या घ्या, पण त्यांच्या रागालोभानें आपला मार्ग सोडूं नका.

आईबापांनीं या चरित्रांतील आणखी एक माणूस लक्षांत ठेवावा. त्यानें कोणताहि शोध लाविला नाहीं. आपला भाऊ पुढें कोण होणार, याची त्याला कल्पनाहि नव्हती. धाकट्या भावाला कांहींतरी शिकावेंसें वाटतें, एवढेंच त्या लोहाराला कळलें, आणि त्यानें आपल्या मजुरींतून एक शिलिंग काढून दिला.