काळ्या पाण्याची कादंबरी लिहिणारे सावरकर

‘काळे पाणी’ ही कादंबरी लिहिणारे विनायक दामोदर सावरकर १८८३ साली भगूरला जन्मले. आई लवकर वारली. पुढे घर सांभाळले ते थोरल्या येसूवहिनींनी.

१९११ साली पन्नास वर्षांची शिक्षा होऊन ते अंदमान बेटावर गेले. थोरले बंधू बाबाराव आधीच तेथे होते. काथ्या कुटायचा, बैलासारखे कोलूला जुंपून तेल गाळायचे. कागद नव्हता, म्हणून कविता भिंतीवर कोरून पाठ केल्या. येसूवहिनी मात्र नवऱ्याची वाट पाहत १९१९ साली वारल्या. भेट झालीच नाही.

१९२१ साली त्यांना बेटावरून आणले, पुढे रत्नागिरीत स्थानबद्ध ठेवले. १९६६ साली मुंबईस वारले. कादंबरीत कैद्यांचे दिवस आहेत, पळवून नेलेल्या मालतीची परवड आहे. ती वाचताना मला सारख्या येसूवहिनीच आठवत होत्या.