विषाणूचे अंतरंग उलगडणारी रोझालिंड

विज्ञानाच्या इतिहासात काही माणसे अशी होऊन गेली, की त्यांच्या कष्टांचे फळ जगाने चाखले. पण त्यांचे नाव मात्र फार उशिरा घेतले. रोझालिंड फ्रँकलिन ही त्यांपैकीच एक.

२५ जुलै १९२० रोजी लंडनमधील एका सधन ज्यू कुटुंबात तिचा जन्म झाला. केंब्रिजला शिकून १९४५ साली कोळशावरील संशोधनासाठी तिने डॉक्टरेट मिळविली. क्ष-किरणांनी पदार्थाची अंतर्रचना पाहण्याचे तंत्र ती पॅरिसमध्ये शिकली. १९५१ मध्ये ती लंडनच्या किंग्ज कॉलेजात आली. तेथे मे १९५२ मध्ये तिच्या मार्गदर्शनाखाली रेमंड गॉस्लिंग या विद्यार्थ्याने डीएनएचे ते प्रसिद्ध छायाचित्र घेतले. तिच्या नकळत ते वॉटसनला दाखविण्यात आले आणि एप्रिल १९५३ मध्ये वॉटसन व क्रिक यांनी डीएनएची रचना जाहीर केली.

त्याच वर्षी रोझालिंड बर्कबेक कॉलेजात गेली व विषाणूंकडे वळली. विषाणू म्हणजे प्रथिनाच्या वेष्टनातले आनुवंशिक द्रव्य. हे द्रव्य कोणात डीएनए, तर कोणात आरएनए. कोठे एकपदरी, तर कोठे दुपदरी. देवीच्या विषाणूत डीएनए, तर गोवर, पोलिओ व कोरोनाच्या विषाणूंत आरएनए असते. तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणाऱ्या विषाणूतही आरएनएच. पण ते नेमके असते कोठे? रोझालिंडने दाखवून दिले, की या विषाणूची कांडी मधून पोकळ असते. आणि आरएनएचा एकपदरी धागा त्या पोकळीत नसून प्रथिनांच्या भिंतीतच मळसूत्रासारखा गुंफलेला असतो.

१९५६ मध्ये तिला कर्करोगाने गाठले. तरीही तिने काम सोडले नाही. पोलिओच्या विषाणूचा अभ्यास हाती असतानाच १६ एप्रिल १९५८ रोजी, अवघ्या ३७ व्या वर्षी तिची प्राणज्योत मालवली. १९६२ साली वॉटसन, क्रिक व विल्किन्स यांना नोबेल मिळाले. १९८२ साली तिचा सहकारी आरन क्लूग यालाही मिळाले. ती मात्र कोठेच नव्हती.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. १९६५ साली नागपुरातील तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला एक नवा विषाणू सापडला. चांदीपुरा हे इथल्याच वस्तीचे नाव त्याला मिळाले. त्यातही एकपदरी आरएनएच आहे.

आम्ही कला शाखेचे विद्यार्थी; प्रयोगशाळा आमच्या वाट्याला नाही. पण कष्ट कोणाचे आणि नाव कोणाचे, हा प्रश्न इतिहासाला विचारणे हे तर आमचेच काम आहे!

— बी. ए. भाग २