गाडीचा ब्रेक फेल झाला तर? हँडब्रेक, घोडबंदरचा उतार आणि बर्था बेंझची गोष्ट

आज मोबाईलबद्दल नाही, गाडीबद्दल बोलूया. म्हणजे हँडब्रेकबद्दल, आणि एका बाईबद्दल जिच्यामुळे आपल्या गाडीला नीट ब्रेक मिळाला. पण आधी माझी गोष्ट सांगते, कारण हा लेख तिच्यामुळेच लिहितेय.

मी वसईत होळीला राहते. गेल्या पावसाळ्यात आम्ही ठाण्याहून जुन्या गाडीनं घरी येत होतो. गाडी पप्पा चालवत होते, मी बाजूला आणि आई मागे. गायमुखचा घाट चढून उतरायला लागलो आणि पप्पांचा पाय एकदम खाली गेला. पेडल थेट मॅटला टेकलं. गाडी थांबेना. पप्पा ओरडले, आणि मी काही विचार न करता हँडब्रेक दोन्ही हातांनी खस्सकन वर ओढला.

गाडी थांबली, पण सरळ नाही. मागचा भाग सरकून कठड्याकडे फिरला. मागून त्या क्षणी ट्रक येत नव्हता, म्हणून आज मी लिहितेय. नंतर कळलं की ब्रेकच्या पाईपमधून ऑईल गळत होतं. पेडल मऊ लागतंय हे पप्पांना दोन दिवस जाणवत होतं, पण रविवारी बघू म्हणून राहून गेलं.

त्यानंतर ब्रेकबद्दल वाचायला बसले आणि बर्था बेंझ भेटली.

कोण होती बर्था?

बर्था रिंगरचा जन्म 3 मे 1849 रोजी जर्मनीतल्या फोर्त्सहाइम गावात झाला. वडील सुतारकामाच्या धंद्यात होते, घर खाऊनपिऊन सुखी. पुढे तिची गाठ कार्ल बेंझ नावाच्या तरुण इंजिनिअरशी पडली. कार्लचं डोकं जबरदस्त, पण खिसा रिकामा आणि भागीदाराशी पटत नव्हतं. बर्थानं काय केलं? लग्नात मिळणारी रक्कम लग्नाआधीच मागून घेतली आणि त्या भागीदाराचा हिस्सा सोडवला. 20 जुलै 1872 ला दोघांचं लग्न झालं. आजच्या भाषेत सांगायचं तर कार्लच्या स्टार्टअपमध्ये पैसे घालणारी ती पहिली.

पुढची वर्षं ओढाताणीची होती. 1879 च्या शेवटच्या रात्री कार्लचं इंजिन पहिल्यांदा नीट चाललं. 29 जानेवारी 1886 ला त्यानं तीन चाकांच्या मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याच वर्षी 3 जुलैला मानहाइम शहरात ती गाडी लोकांसमोर चालवली. इंजिन 954 सीसीचं, पण ताकद एक हॉर्सपॉवरसुद्धा नाही, आणि वेग ताशी साधारण 16 किलोमीटर. पेटंटवर नाव मात्र एकट्या कार्लचं.

गाडी तयार झाली, पण घेणार कोण? बिनघोड्याच्या गाडीवर लोकांचा विश्वास बसेना. कार्ल स्वभावानं जपून चालणारा, अजून सुधारणा करूया म्हणत बसायचा. बर्थाचा धीर सुटला.

106 किलोमीटरची सफर

1888 चा ऑगस्ट महिना. एका पहाटे बर्थानं यूजेन आणि रिचर्ड या दोन मुलांना सोबत घेतलं, नवऱ्याला न विचारता गाडी बाहेर काढली आणि मानहाइमहून माहेरी, म्हणजे फोर्त्सहाइमला निघाली. साधारण 106 किलोमीटर. आपल्या हिशोबानं वसईहून निघून डहाणू ओलांडायचं आणि गुजरातच्या हद्दीत शिरायचं. तोपर्यंत मोटारगाडी इतक्या लांब कोणी नेलीच नव्हती. रस्ते बैलगाडी-घोडागाडीचे, पेट्रोल पंप हा शब्दच जन्मला नव्हता.

इंधन संपत आलं तेव्हा विस्लोख गावात तिनं औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन घेतलं. डाग काढायला वापरायचं ते द्रव्य, त्यावरच इंजिन चालायचं. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली. इग्निशनची वायर उघडी पडली तर मोजे वर धरून ठेवणारा गार्टर गुंडाळला. साखळी बिघडली तर लोहाराला गाठलं. इंजिन थंड ठेवायला वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरलं. मोठ्या चढावर गाडी दम टाकायची, मग ढकलायची.

आणि मग उतार आले. इथे आपला विषय येतो.

ब्रेक म्हणजे नेमकं काय?

त्या गाडीला ब्रेक लावायचा तो हातानं, दांडा ओढून. दांडा ओढला की लाकडी ठोकळा घासला जायचा आणि गाडी हळू व्हायची. म्हणजे बघा, सुरुवातीचा ब्रेक हाच मुळात हँडब्रेक!

ब्रेकचं काम साधं आहे. धावत्या गाडीतली ऊर्जा घासून उष्णतेत बदलायची. लांब उतारावर ही उष्णता खूप तयार होते. लाकूड झिजतं, करपतं, मग दांडा कितीही ओढा, पकड येत नाही. उतारांवर बर्थाच्या गाडीचं हेच व्हायला लागलं.

आता ती काय करते बघा. तशीच रेटत नेत नाही. बाउशलोट गावात थांबते, चांभाराला गाठते आणि ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामड्याचा पट्टा ठोकून घेते. चामडं पकड देतं आणि झिजलं की बदलताही येतं. आजच्या ब्रेक पॅड आणि लायनिंगची ही सुरुवात मानली जाते. होळीच्या बाजारात चप्पल शिवून घेताना मला दर वेळी हे आठवतं.

संध्याकाळी ती फोर्त्सहाइमला पोचली आणि कार्लला तार केली. काही दिवसांनी गाडी चालवतच परत आली. येताना सुधारणांची यादी सोबत होती. चढासाठी आणखी एक गिअर हवा हे त्यातलंच. लोकांनी गाडी डोळ्यांनी पाहिली होती, चर्चा झाली होती. 1899 पर्यंत बेंझची कंपनी वर्षाला 572 गाड्या बनवू लागली होती.

कार्ल 1929 मध्ये लाडेनबुर्गला वारला. बर्था त्यानंतर पंधरा वर्षं जगली. 95 व्या वाढदिवशी कार्लसरूहच्या तंत्रविद्यापीठानं तिला मानद सिनेटर केलं आणि दोनच दिवसांनी, 5 मे 1944 रोजी ती गेली. अमेरिकेतल्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये कार्लचं नाव 1984 मध्ये लागलं, तिचं 2016 मध्ये. बत्तीस वर्षं उशिरा.

मग मी काय चुकले?

आजच्या गाडीत पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑईल दाबतो आणि तो दाब चारही चाकांपर्यंत जातो. ऑईल गळलं किंवा तापून उकळलं की पेडल मऊ पडतं. हँडब्रेक मात्र बहुतेक गाड्यांत वेगळ्या केबलनं मागची चाकं धरतो. त्याला ऑईलशी देणंघेणं नाही, म्हणून मुख्य ब्रेक गेला तरी तो चालतो. पण झटक्यात ओढला तर मागची चाकं जाम होतात आणि गाडी फिरते. मी नेमकं तेच केलं.

बरोबर पद्धत अशी:

1. पेडल पटापट पंप करा. कधी कधी थोडा दाब परत येतो.
2. एकेक करून खालचे गिअर टाका. गाडी न्यूट्रल करू नका, इंजिन बंद करू नका. नाहीतर स्टिअरिंग जड होईल आणि किल्ली काढली तर लॉकही होईल.
3. हॅझर्ड लाईट लावा, हॉर्न वाजवत राहा.
4. स्टिअरिंग सरळ ठेवा. हँडब्रेकचं बटण अंगठ्यानं दाबून धरा आणि दांडा थोडा थोडा वर घ्या. मागचं चाक घसरतंय वाटलं की लगेच सैल सोडा, मग परत ओढा.
5. चढ, मोकळी जागा किंवा रस्त्याची कड बघून गाडी तिकडे घ्या. थांबल्यावर तीच गाडी पुढे चालवू नका, टो करून न्या.

तुमच्या गाडीत दांड्याऐवजी बटण असेल तर चालत्या गाडीत बऱ्याचदा ते धरून ठेवावं लागतं, मग गाडी स्वतःच सावकाश थांबते. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल आजच मोबाईलवर डाऊनलोड करून हे पान वाचून ठेवा. घाटात शोधायला वेळ मिळत नाही.

हे सगळं वाचल्यावर एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. हँडब्रेक हा शेवटचा उपाय. बर्थानं तो प्रसंग येऊच दिला नाही. पकड कमी झाली हे जाणवताच ती थांबली. तिच्या वाटेवर एकही गॅरेज नव्हतं. आमच्या घरापासून गॅरेज दहा मिनिटांवर होतं, तरी आम्ही रविवारची वाट बघत बसलो.

आता पप्पा दर महिन्याला ब्रेक ऑईलची पातळी बघतात. मी मोकळ्या मैदानात अगदी कमी वेगात हँडब्रेक हळूहळू ओढायचा सराव करते. तुमच्या घरच्या गाडीचं पेडल मऊ लागत असेल, तर कृपया हा लेख सेव्ह करून ठेवू नका. गाडी आजच दाखवून या.