सेंटर कॅप आणि शेठ वालचंद

मित्रांनो, वालचंद हे नाव तुम्ही पहिल्यांदा कुठं वाचलं? मी तरी कॅप राउंडच्या ऑप्शन फॉर्मवर वाचलं. बारावीनंतर लातूरच्या एका नेट कॅफेत बसून सांगलीचं वालचंद कॉलेज वरच्या नंबरला टाकलं होतं. मार्क कमी पडले आणि मी नांदेडला आलो. (आता वाईट वाटत नाही, मेसची भाजी सोडली तर.) पण त्या चार वर्णांच्या मागं एक हाडामासाचा माणूस होता, हे तेव्हा डोक्यातसुद्धा आलं नाही. ती ओळख झाली दुसऱ्याच एका कॅपमुळं. ही कॅप चाकाची.

झालं असं की मागच्या दिवाळीत माझ्या मावसभावानं सेकंडहँड स्विफ्ट घेतली आणि तिला शोभा आणायची म्हणून नांदेडला येऊन स्पोर्ट्स टाइपची चार अलॉय व्हील बसवून घेतली. चाकं दुकानात बसवली, पण मधल्या गोल सेंटर कॅप चाकाबरोबर आल्याच नव्हत्या. दादानं त्या दुसरीकडून आणल्या, त्यासुद्धा उधळलेल्या घोड्याचं चित्र असलेल्या. स्विफ्टला फेरारीचा घोडा! वर दादाचं म्हणणं असं की तू मेकॅनिकलचा आहेस, एवढं तर येतच असेल. हॉस्टेलची सगळी पोरं भोवती उभी. नाही कसं म्हणणार?

पुढच्या दोन कॅप तळहातानं दाबल्यावर खटकन बसल्या. टाळ्या पडल्या. मागच्या दोन काही केल्या बसेनात. एका बाजूनं दाबलं की दुसऱ्या बाजूनं वर येत. शेवटी रबरी हातोडा घेतला. एका कॅपची क्लिप कडकन मोडली. ती डबल टेपनं चिकटवली आणि कुणाला काही न बोलता दादाबरोबर लातूरला निघालो.

लोहा सोडल्यावर ऐंशीच्या पुढं गेलं की स्टेअरिंग थरथरायला लागलं. रस्ता खराब असेल म्हणून सोडून दिलं. अहमदपूरच्या अलीकडं मागून टण्ण असा आवाज आला आणि आमचा घोडा खरंच उधळला. गाडी बाजूला घेऊन झुडपात कॅप शोधली. ती सापडली. परत बसवायची म्हणून चाकाजवळ वाकलो आणि मोबाइलचा टॉर्च आत मारला. हब आणि चाकाचं भोक यांच्यामध्ये चांगलीच फट दिसत होती. मनात शंका आली म्हणून पुढच्या चाकाची कॅप काढली, तिथंही तेच. सहज नटाला हात लावला, तर एक नट नुसत्या बोटांनी फिरला. त्या क्षणी पोटात गोळा आला. दादाचं पुढच्या महिन्यात लग्न होतं, आणि आम्ही ऐंशीनं चाललो होतो. पाना काढून चारी चाकांचे नट जमतील तेवढे आवळले आणि तीसच्या स्पीडनं कसंबसं लातूर गाठलं.

लातुरात आमच्या ओळखीचे एक उस्ताद आहेत. त्यांनी आधी दोघांनाही झापलं आणि मग व्हर्निअर माझ्या हातात दिला. चार सेमिस्टर वर्कशॉप करून मला जे कळलं नव्हतं ते अर्ध्या तासात कळलं. या स्विफ्टच्या हबचा मधला भाग ५४.१ मि.मी. बाजारातली चाकं अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचं भोक मोठं ठेवतात. आमचं होतं ७३.१. म्हणजे चारी बाजूंनी साडेनऊ मि.मी. मोकळं. तिथं मधली रिंग लागते, म्हणजे चाक आवळताना ते बरोबर केंद्रावर बसतं. भार पेलतो तो नटांच्या आवळण्यामुळं, पण केंद्र चुकलं की थरथर सुरू होते. शिवाय दुकानदारानं स्टीलच्या चाकाचे जुनेच नट वापरले होते. त्यांचा उतार नव्या चाकाच्या खोबणीशी जुळत नव्हता, म्हणून ते सैल झाले.

कॅपचंही शास्त्र आहे. नुसती बाहेरून दिसणारी गोलाई मोजून भागत नाही. मागच्या क्लिपांचा व्यास आणि आतली खोलीसुद्धा मोजावी लागते. स्विफ्टच्या मागच्या हबवर ग्रीसचं झाकण पुढं आलेलं असतं. आमची कॅप त्याच्यावर टेकत होती, म्हणून बसत नव्हती. ती बसत नव्हती म्हणजे काहीतरी सांगत होती, आणि मी तिला हातोड्यानं गप्प करत होतो.

उस्तादांच्या वाड्यात एक जुनी प्रीमियर पद्मिनी उभी आहे. तिच्या चाकांवर साध्या स्टीलच्या वाट्या. त्यांच्याकडं बघत उस्ताद म्हणाले की ज्या शेठनं या गाडीची कंपनी काढली, त्याचं पहिलं काम आपल्या बार्शी लाइट रेल्वेवरच झालं. त्यांचे वडील त्या छोट्या गाडीवर फिटर होते, त्यांच्याकडून हे ऐकलेलं. मला वाटलं, उस्ताद फेकतायत. सुट्टी संपल्यावर लायब्ररीत बसलो आणि कळलं की उस्ताद बरोबर होते. तो शेठ म्हणजे वालचंद हिराचंद.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. घराणं गुजराती जैन, दोशी आडनावाचं. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. शिक्षण सोलापूर, मुंबई आणि पुण्याला झालं, पण डिग्री काही पूर्ण झाली नाही. (केटीवाल्यांनी एवढंच वाचून थांबू नये, पुढं वाचावं.) घरच्या पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचं मन रमेना. तेव्हा त्यांना लक्ष्मणराव फाटक भेटले. फाटक रेल्वेत कारकून होते, नोकरी सोडून कंत्राटदार व्हायला निघालेले. एकाकडं कामाची माहिती, दुसऱ्याकडं भांडवल आणि हिंमत. दोघांनी भागीदारी केली आणि १९०३ च्या सुमारास बार्शी लाइट रेल्वेचं येडशी–तडवळे भागातलं काम घेतलं.

ही रेल्वे म्हणजे अडीच फूट रुंदीची नॅरोगेज. हीच लाइन पुढं वाढत वाढत १९११ मध्ये लातूरला पोचली. आमच्या आजोबांच्या पिढीनं बार्शी, पंढरपूर पाहिलं ते याच गाडीनं. २००८ पर्यंत तिचं ब्रॉडगेज झालं. म्हणजे आमच्या गावाला जगाशी जोडणाऱ्या रुळांखालची थोडी माती या माणसानं टाकून घेतलेली आहे. आणि मला त्याचं नाव फक्त कॉलेजची पाटी म्हणून माहीत!

कंत्राटदारीत वालचंद मोठे झाले. बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचं काम त्यांच्या कंपनीनं केलं. १९२६ मध्ये सुरू झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी त्यांचीच. पण नुसती कंत्राटं घेऊन ते थांबले असते तर आज मी हा लेख लिहिला नसता.

पहिलं महायुद्ध संपल्यावर त्यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचं लॉयल्टी नावाचं जहाज विकत घेण्याचा घाट घातला. युद्धात ते इस्पितळाचं जहाज होतं. नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींना बरोबर घेऊन १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनकडं निघालं. आज हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. इंग्रज कंपन्यांना हे कसं सहन होणार? त्यांनी भाडी पाडली. सिंदियाला तोटा झाला आणि १९२३ मध्ये जहाजांवर मर्यादा घालणारा करार करावा लागला. दुसरा एखादा असता तर कंपनी विकून मोकळा झाला असता. वालचंद तिथंच टिकून राहिले.

मध्यंतरी शेतीकडंही वळले. रावळगावला आणि इंदापूरजवळच्या माळरानावर ऊस आणि साखरेचे कारखाने काढले. इंदापूरजवळ वसलेलं गाव आज वालचंदनगर म्हणून ओळखलं जातं. आपण लहानपणी खाल्लेली रावळगावची चॉकलेटं याच घराण्याच्या कारखान्यातली.

१९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले ते मोटारीच्या कारखान्यासाठी. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी जमलं. परतीच्या प्रवासात विमानात त्यांना विल्यम पॉली नावाचा अमेरिकन गृहस्थ भेटला. तो चीनमध्ये विमानांची जुळणी करत होता. मोटारीसाठी गेलेला माणूस विमानाच्या कारखान्याचं डोक्यात घेऊन परत आला! म्हैसूर संस्थानानं साथ दिली आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली. १९४१ मध्ये तिथं जुळवलेलं हार्लो जातीचं विमान उडालंसुद्धा. त्याच वर्षी जूनमध्ये विशाखापट्टणमला जहाज बांधायच्या गोदीची पायाभरणी झाली. १९४२ मध्ये युद्धाच्या कारणानं विमानाचा कारखाना सरकारनं ताब्यात घेतला. तीच पुढं आपली एचएएल झाली. प्लेसमेंटच्या यादीत एचएएल बघताना वालचंद आठवतात का कुणाला?

मोटारीचं मात्र लवकर जुळेना. युद्धकाळात इंग्रज सरकारनं मदत नाकारली, मोटार कारखान्याचा युद्धाला उपयोग नाही असं कारण देऊन. तरी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. आता इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. त्या गाड्यांवर नावं डॉज, डिसोटो, प्लिमथ अशी परक्यांची होती आणि आतले भागही बाहेरून आलेले. म्हणजे सुरुवात जोडणीनंच झाली. कुणी म्हणेल, मग दादाच्या घोड्यात आणि यांच्यात फरक काय?

या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला. रूममेटशी भांडलो पण. मला जे उत्तर सापडलं ते असं. दादानं आणि मी बाहेरचं चित्र बघितलं, आत काय आहे ते बघितलं नाही. वालचंद यांनी परक्याचं नाव लावून सुरुवात केली, पण त्यांचा डोळा आतल्या भागांवर होता. गाडी जोडायची ती हळूहळू एकेक भाग इथं बनवता यावा म्हणून. जहाज विकत घेऊन सुरुवात केली आणि शेवटी जहाज बांधण्यापर्यंत पोचले. १४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणमच्या गोदीतून जलउषा हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडलं गेलं. विकत घेतलेल्या लॉयल्टीपासून इथवर एकोणतीस वर्षं लागली. जोडणी ही पायरी आहे. पायरीलाच घर समजलं की गडबड होते.

१९४९ मध्ये वालचंद यांना अर्धांगवायूचा झटका आला. १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. सांगलीचं कॉलेज १९४७ मध्ये सुरू झालं होतं, त्याला त्यांचं नाव मिळालं ते ते गेल्यानंतर, १९५५ मध्ये.

त्यांच्यामागं प्रीमियर कंपनी फियाटच्या गाड्यांवर चालली. फियाट ११०० चीच पुढं पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत तिनं राज्य केलं. पण १९६४ च्या बांध्याची गाडी थोड्याफार फरकानं २००० सालापर्यंत तशीच निघत राहिली. बाजार खुला झाल्यावर ती टिकली नाही. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. संस्थापकाची नजर आतल्या भागांवर होती, नंतर आतलं नवं करणं थांबलं, असं मला वाटतं. आपल्यासारख्या उद्याच्या इंजिनिअरनी वालचंद यांच्या यशाइतकाच हा भागही लक्षात ठेवावा.

आता गाडीचं सांगतो. दादाच्या स्विफ्टला ७३.१ ते ५४.१ च्या चार रिंगा बसवल्या. चाकाला जुळणारे नट आणले, समोरासमोरच्या क्रमानं टॉर्क रेंचनं आवळले आणि शंभर किलोमीटरनंतर परत तपासले. मग तिन्ही मापं घेऊन साध्या काळ्या कॅप आणल्या, मागच्या चाकांसाठी जास्त खोलीच्या. तळहातानं चारी बाजूंनी सारखा दाब दिला आणि चारी बसल्या. हातोडा लागलाच नाही. स्टेअरिंग थरथरत नाही. दादाचं लग्नही झालं आणि वरात त्याच गाडीतून निघाली.

मोडक्या क्लिपची घोड्याची कॅप माझ्या टेबलावर आहे. तिच्यात मी टाचण्या ठेवतो. मॅनेजमेंटच्या पेपरला बसताना, प्रोजेक्टचा तयार रिपोर्ट कुणी पुढं केला तर, कधी कधी तिच्याकडं लक्ष जातं. ज्युनिअर मित्रांनो, पुढच्या वर्षी तुमचा लहान भाऊ-बहीण कॅप राउंडचा फॉर्म भरायला बसले आणि वालचंद हे नाव आलं, तर त्यांना येडशीच्या रुळांची गोष्ट नक्की सांगा. आणि हो, गाडीला नवीन चाकं बसवली असतील तर घरी निघायच्या आधी कॅप काढून एकदा आत बघा.