अबोल मुलं आणि पक्ष्यांचा अभ्यासक : निको टिनबर्गन

वर्गात एखादं मूल बोलतच नाही, नजरेला नजर देत नाही. अशा मुलाकडे कसं पाहावं? टिनबर्गन यांचं आयुष्य याबाबत खूप काही शिकवतं.

निको टिनबर्गन यांचा जन्म १५ एप्रिल १९०७ रोजी नेदरलँड्समधील हेग येथे झाला. समुद्रकाठी तासन्‌तास बसून ते कुरव पक्षी न्याहाळत. पिल्लू आईबापाच्या चोचीवरच्या लाल ठिपक्यावर टोचा मारतं आणि त्याला घास मिळतो. शब्दांशिवायचा संवादच हा! १९४९ मध्ये ते इंग्लंडला ऑक्सफर्डमध्ये गेले. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ साली त्यांना लॉरेन्झ आणि फ्रिश यांच्यासह नोबेल मिळालं.

पुढे पत्नी एलिझाबेथसोबत त्यांनी स्वमग्न मुलांकडे त्याच नजरेनं पाहिलं. अशा मुलाला जवळ यावंसंही वाटतं आणि भीतीही वाटते, असं त्यांचं निरीक्षण होतं. म्हणून टक लावून पाहू नका, घाई करू नका, मुलालाच पाऊल टाकू द्या, असं ते सुचवत.

पण इथेच ते चुकलेही. आई-मुलाचं नातं बिघडल्यानं स्वमग्नता येते, असं त्यांनी मानलं आणि मुलाला बळेच कवटाळून धरण्याच्या उपचाराला पाठिंबा दिला. पुढच्या संशोधनानं हे मत खोटं ठरवलं. २१ डिसेंबर १९८८ रोजी त्यांचं निधन झालं.

तेव्हा निरीक्षण त्यांच्याकडून घ्या, पण आईला दोष देऊ नका. मूल बोलत नसेल तर वाचा-उपचार तज्ज्ञांकडे लवकर न्या.