हॅराल्ड ब्लूटूथ : एका डॅनिश राजाचें चरित्र

शहापूर व मुरबाड या आपल्या तालुक्यांतील मुलांच्या तोंडीं हल्लीं एका राजाचें नांव दिवसांतून अनेक वेळां येतें. परंतु तें राजाचें नांव आहे हें त्यांच्यापैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल. कानांत घालावयाचे बिनतारी इअरबड्स लॅपटॉपला जोडतांना पडद्यावर 'ब्लूटूथ' असा जो शब्द उमटतो, तें दहाव्या शतकांत डेन्मार्क देशावर राज्य करणाऱ्या हॅराल्ड राजाचें टोपणनांव होय. ज्या राजानें वीज पाहिली ती केवळ आकाशांत, व ज्याचा निरोप घोडेस्वाराशिवाय पुढें जात नसे, त्याचें नांव या नव्या विद्येला कां लाभलें, हें कळण्यासाठीं त्याचें चरित्र वाचावें लागतें. तें चरित्र केवळ यशाचें नाहीं. त्यांत एका बापाच्या दुःखाचीहि गोष्ट आहे.

हॅराल्डचा पिता गॉर्म व माता थायरा. डेन्मार्कच्या जटलंड या भागांत येलिंग नांवाचें गांव आहे, तेथें या घराण्याची राजधानी होती. गॉर्म हा जुन्या देवांचा उपासक. थोर व ओडिन हे त्या लोकांचे देव. युद्ध, समुद्र व लूट हा त्यांच्यापैकीं पुष्कळांचा व्यवसाय. गॉर्म मरण पावल्यावर त्याच्या देहावर लांकडी खोली रचून वर मातीचा प्रचंड ढिगारा घातला. त्या खोलीचीं लांकडें शास्त्रज्ञांनीं तपासलीं, तेव्हां तीं झाडें इ. स. ९५८ च्या सुमारास तोडलेलीं असल्याचें आढळलें. त्यावरून हॅराल्ड गादीवर केव्हां आला याचा अंदाज बांधतां येतो.

'ब्लूटूथ' म्हणजे निळा दांत. त्याचा एखादा दांत किडून काळानिळा पडला असावा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जुन्या नॉर्स भाषेंत निळ्याला जो शब्द होता तो काळसर रंगालाहि लावीत. हें नांव त्याच्या मृत्यूनंतर दीडशें वर्षांनीं लिहिलेल्या ग्रंथांत आढळतें. तेव्हां त्याच्या समोर तें उच्चारण्याची कोणाची छाती झाली असेल असें वाटत नाहीं! आपल्याकडेहि व्यंगावरून माणसाला नांव पडतें व तेंच पुढें चिकटतें. परंतु वैगुण्यावरून पडलेलें नांव जगभर सन्मानानें घेतलें जावें, असें भाग्य फार थोड्यांचें.

त्या काळीं डेन्मार्कचे लोक एकजीव नव्हते. बेटें निराळीं, सरदार निराळे, व प्रत्येकाचा अभिमान निराळा. हॅराल्डनें हे सर्व भाग आपल्या अंमलाखालीं आणले. नॉर्वेवरहि त्यानें आपली सत्ता बसविली, व तेथील कारभार हाकोन नांवाच्या सरदारामार्फत चालविला.

इ. स. ९६५ च्या सुमारास त्यानें ख्रिस्तीधर्माचा स्वीकार केला. त्याविषयीं विडुकिंड नांवाच्या समकालीन सॅक्सन मठवासीनें एक कथा लिहून ठेविली आहे. राजाच्या मेजवानींत देवांविषयीं वाद निघाला. ख्रिस्त हाहि एक देव आहे, परंतु आमचे देव त्याहून बलिष्ठ आहेत, असें डॅनिश सरदारांचें म्हणणें पडलें. पोप्पो नांवाच्या धर्मोपदेशकानें देव एकच आहे असें निर्भयपणें सांगितलें. तेव्हां राजानें त्याची कसोटी पाहण्याचें ठरविलें. दुसऱ्या दिवशीं पोप्पोनें तापून लाल झालेलें लोखंड हातांत धरलें व राजानें पुरे म्हणेपर्यंत तें वाहिलें; आणि हात दाखविला तों त्याला इजा झालेली नव्हती. कथेतील चमत्काराविषयीं कोणीं कांहींहि मानो. परंतु परक्या दरबारांत, तरवारींच्या गराड्यांत, एकटा उभा राहून आपली श्रद्धा सांगणाऱ्या मनुष्याचें धैर्य खोटें म्हणतां येत नाहीं.

तथापि इतिहास सांगणारानें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. दक्षिणेस जर्मन सम्राट ऑटो याचें बलाढ्य ख्रिस्ती राज्य होतें. मूर्तिपूजक राजाच्या प्रांतांत धर्माच्या निमित्तानें शिरणें सम्राटास सोपें जाई. राजानें स्वतःच बाप्तिस्मा घेतल्यावर तें निमित्त उरत नसे. हॅराल्डच्या मनांत श्रद्धा किती व राजकारण किती, हें तोलण्याचा तराजू आपल्या हातीं नाहीं. परंतु पित्याविषयींचें त्याचें प्रेम खरें होतें असें मानण्यास आधार आहे. येलिंग येथील ढिगाऱ्यांतील लांकडी खोलीचें उत्खनन झालें, तेव्हां तींत गॉर्मचा देह नव्हता. पुढें जवळच्या चर्चच्या जमिनीखालीं एका पुरुषाचीं अस्थि सांपडल्या. त्या गॉर्मच्याच असाव्यात, व आपल्या पित्यालाहि प्रभूच्या मंदिरांत विसांवा मिळावा म्हणून हॅराल्डनें त्या हालविल्या असाव्यात, असें अनेक विद्वानांस वाटतें.

त्याच चर्चच्या अंगणांत हॅराल्डनें उभारलेली मोठी शिळा आजहि आहे. ती सुमारें अडीच मीटर उंच असून वजनानें जवळजवळ दहा टन भरते. तिच्या एका बाजूस रून लिपींतील लेख, दुसऱ्या बाजूस सर्पानें वेढलेला एक सिंहासारखा पशु, आणि तिसऱ्या बाजूस हात पसरलेला ख्रिस्त आहे. येथें ख्रिस्ताभोंवतीं वधस्तंभ नाहीं. वेलींच्या गुंतवळींत तो उभा आहे. आईबापांच्या स्मरणार्थ ही शिळा उभारली. आपण सर्व डेन्मार्क व नॉर्वे जिंकलें, आणि डॅनिश लोकांस ख्रिस्ती केलें, असा लेखाचा आशय आहे. १९९४ सालीं युनेस्कोनें येलिंगच्या या अवशेषांचा जागतिक वारशांत समावेश केला.

हें वाचून आपल्या भागांतील विद्यार्थ्यांस नाणेघाटाची आठवण व्हावी. मुरबाड तालुक्यांतील वैशाखरे गांवाकडून जुन्नरकडे जाणारी ती पायवाट चढून गेलें, कीं माथ्याजवळ एक कोरींव लेणें लागतें. त्याच्या भिंतींवर सातवाहन घराण्यांतील राणीनें ब्राह्मी लिपींत लेख कोरविलेला आहे. यज्ञांत दिलेल्या गाईंचीं, घोड्यांचीं व नाण्यांचीं दानें त्यांत आंकड्यांसह नोंदलेलीं आहेत. हा लेख सामान्यतः ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतील मानतात. म्हणजे येलिंगच्या शिळेहून तो सुमारें हजार वर्षांनीं जुना. तेथें सातवाहन राजपुरुषांच्या मूर्ति होत्या. आज त्यांच्या पावलांच्या खुणा व वरचीं नांवें मात्र उरलीं आहेत. राज्य जातें, देह जातो, मूर्तिहि झिजते. परंतु दगडावर कोरलेलें नांव टिकतें. आणि नाणेघाट काय किंवा हॅराल्डची राजधानी काय, दोहोंचें महत्त्व एकाच कारणानें वाढलें : दूरचीं माणसें जोडणाऱ्या वाटेनें.

हॅराल्डलाहि वाटांचें महत्त्व पुरतें कळलें होतें. येलिंगच्या दक्षिणेस रावनिंग येथील दलदलीवर त्यानें इ. स. ९८० च्या सुमारास लांकडी पूल बांधविला. तो ७६० मीटर लांब व सुमारें ५ मीटर रुंद होता. हजाराहून अधिक ओकचे खांब त्यासाठीं जमिनींत रोवले होते. त्याच सुमारास देशांत ठिकठिकाणीं वर्तुळाकार गढ्या उभ्या राहिल्या. ट्रेलेबोर्ग येथील गढी आंतून १३६ मीटर व्यासाची. आगर्सबोर्ग येथील २४० मीटरांची. दोहोंनाहि चार दिशांस चार दरवाजे व मध्यें काटकोनांत छेदणारे दोन रस्ते. जणुं काय कंपास व दोरी घेऊन कोणी भूमितीचा धडा जमिनीवर गिरविला आहे! इतका नेमकेपणा एका हुकमाखालीं राबणाऱ्या हजारों हातांवांचून साधत नाहीं.

परंतु येथेंच दुःखाचें बीज होतें. ते हात कोणाचे होते? शेतकऱ्यांचे व मजुरांचे. ओकचीं झाडें तोडणें, ओढणें, रोवणें हें सारें लोकांच्या पाठीवर पडलें. त्या पुलाची डागडुजी कधींच झालेली दिसत नाहीं. गढ्याहि थोड्याच वर्षांत ओस पडल्या. दक्षिणेच्या सीमेवरहि स्वस्थता नव्हती. इ. स. ९७४ मध्यें दुसऱ्या ऑटोनें डॅनिश लोकांचा पराभव करून सीमेवरचा प्रदेश घेतला. ९८३ मध्यें सम्राटाचे हात अन्यत्र गुंतले असतां डॅनिशांनीं तो परत मिळविला. नॉर्वेंतील हाकोन तर केव्हांच स्वतंत्र वागूं लागला होता. जोडलेलें राज्य सांभाळणें हें जोडण्याहून कठीण असतें, हें राजाला उतारवयांत कळूं लागलें.

शेवटीं घाव बसला तो घरांतूनच. त्याचा पुत्र स्वेन यानें असंतुष्ट सरदारांस हाताशीं धरून बापाविरुद्ध बंड केलें. दावीद राजाला अबशालोमानें जें दुःख दिलें, तेंच हॅराल्डच्या वांट्यास आलें. फरक इतकाच कीं, येथें पुत्र जिंकला व पिता पळाला. लढाईंत जखमी होऊन हॅराल्ड बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील स्लाव्ह लोकांच्या आश्रयास गेला, व तेथें इ. स. ९८६ च्या सुमारास मरण पावला. त्याचा देह डेन्मार्कमध्यें आणून रोस्किल्डे येथें त्यानेंच बांधविलेल्या चर्चमध्यें पुरल्याचें जुने ग्रंथकार सांगतात. बेटें, सरदार व दोन देश जोडणाऱ्या राजाला स्वतःचा मुलगा जोडून ठेवतां आला नाहीं. पुढें याच स्वेननें १०१३ सालीं इंग्लंड जिंकलें, व त्याचा पुत्र क्नूट हा इंग्लंड, डेन्मार्क व नॉर्वे या तिन्ही देशांचा राजा झाला.

यानंतर हजार वर्षें लोटलीं. १९९४ सालीं स्वीडनमधील लुंड येथें एरिक्सन कंपनींत याप हार्टसेन नांवाचा डच अभियंता तारेवांचून यंत्रें जोडण्याच्या खटपटीस लागला. अशीच खटपट इतर कंपन्यांतहि चालू होती. प्रत्येकानें आपापली निराळी भाषा केली असती, तर बाबेलच्या बुरुजासारखी गत होऊन एकाचें यंत्र दुसऱ्याच्या यंत्राशीं बोललेंच नसतें. म्हणून सर्वांची एक समाईक पद्धत ठरविण्याचें घाटूं लागलें. इंटेल कंपनीचा जिम कार्डाक हा त्या वेळीं व्हायकिंग लोकांचा इतिहास वाचीत होता. त्यानें तात्पुरतें म्हणून हॅराल्डचें टोपणनांव सुचविलें. कारण त्या राजानें जसे लोक जोडले, तशीं ही पद्धत यंत्रें जोडणार होती. पुढें दुसरीं नांवें टिकलीं नाहींत, व तात्पुरतें नांवच कायम झालें. १९९८ सालीं एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम व तोशिबा या पांच कंपन्यांनीं त्यासाठीं संघ स्थापन केला. पडद्यावर दिसणारें तें लहानसें निळें चिन्ह म्हणजे हॅराल्डच्या नांवाचीं दोन रून आद्याक्षरें एकमेकांत गुंफलेलीं होत. येलिंगच्या शिळेवर ज्या प्रकारच्या लिपींत लेख आहे, तिच्याच कुळांतलीं तीं अक्षरें आज खर्डीच्या अगर सरळगांवच्या मुलाच्या हातांत आहेत.

आतां ही जोडणी होते कशी तें पाहूं. इअरबड्स व लॅपटॉप यांच्यामध्यें रेडिओच्या सूक्ष्म लहरी धांवतात. मूळ पद्धतींत या लहरींच्या ७९ वाटा असून, संभाषण एका सेकंदांत १६०० वेळां वाट बदलतें. त्यामुळें शेजारच्या यंत्राशीं टक्कर झाली तरी ती क्षणभरच टिकते. प्रथम जोडतांना इअरबड्स जोडणीच्या स्थितींत आणावे लागतात. बहुधा डबीवरील कळ कांहीं सेकंद दाबून धरली म्हणजे दिवा लुकलुकूं लागतो. मग लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्यें ब्लूटूथ सुरू करून, नवें उपकरण जोडण्याचा पर्याय निवडावा, व यादींत इअरबड्सचें नांव दिसतांच त्यावर क्लिक करावें. दोन्ही यंत्रें आपसांत एक गुप्त किल्ली ठरवितात व जपून ठेवितात. म्हणून पुढच्या वेळीं ओळख पुनः सांगावी लागत नाहीं. पुष्कळदां नांव दिसूनहि जोडणी होत नाहीं, तेव्हां इअरबड्स घरांतील मोबाइलला आधींच जोडलेले असण्याचा संभव असतो. अशा वेळीं मोबाइलचें ब्लूटूथ बंद करून पुनः प्रयत्न करावा.

या रीतींत एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. एका यंत्रानें कितीहि हांका मारल्या, तरी दुसरें जोडणीस राजी नसेल तर जोडणी होत नाहीं. हॅराल्डच्या राज्यांत नेमकी हीच उणीव राहिली. हुकमानें खांब रोवतां येतात, गढ्या बांधतां येतात. परंतु लोकांचें व लेंकराचें मन हुकमानें जोडलें जात नाहीं. त्याला दुसऱ्याचेंहि होय यावें लागतें, आणि तें होय यावें म्हणून आधीं ऐकावें लागतें.

विद्यार्थीमित्रहो, कसारा लोकलच्या गर्दींत किंवा घरच्या ओसरीवर तुम्ही कानांत हीं यंत्रें घालून बसतां, तेव्हां दूरच्या शिक्षकाचा धडा तुम्हांस स्पष्ट ऐकूं येतो, ही मोठी सोय खरी. परंतु त्याच वेळीं चुलीपाशीं बसलेली आजी दोनदां हांक मारून गप्प होते, याचाहि विचार करा. आणि पालकवर्गास विनंति ही कीं, मुलाच्या कानांतील यंत्र हिसकावून घेण्यापूर्वीं त्याच्याशीं बोलण्यासाठीं आपण दिवसांतून किती वेळ मोकळे असतों, हें एकदां मनाशीं मोजून पाहावें. स्वेन एका दिवसांत बंडखोर झाला नसेल. बापलेकांमध्यें तें पहिलें न बोललेलें वाक्य कोणतें होतें, तें कोणत्याहि शिळेवर कोरलेलें नाहीं. आपल्या घरांत मात्र तें वेळींच बोलतां येईल.