आजी गोव्याची, मळा केपचा

दक्षिण आफ्रिकेच्या सहलीचा आराखडा आपल्याकडच्या पर्यटकांना आता जवळजवळ पाठ झाला आहे. आधी केप टाऊन : टेबल माउंटन, डचांचा पंचकोनी किल्ला, कंपनीची बाग, रॉबेन बेट. मग एक दिवस द्राक्षमळ्यांचा : कॉन्स्टॅन्शिया, स्टेलनबॉश, फ्रान्सहूक. आणि शेवटी विमानाने ईशान्येकडे, क्रूगर अभयारण्यात, पहाटेच्या थंडीत उघड्या जीपमधून सिंह आणि गेंडे पाहायला. बरोबर टूर मॅनेजर असतो, काही सहलींत स्वयंपाकाला महाराजही असतो. आठ-दहा दिवसांत एवढे सारे पदरात पडते, की बसमधला स्थानिक मार्गदर्शक सांगत असलेली नावे कानांवरून निघून जातात. त्यांतले एक नाव मात्र वारंवार येते. स्टेलनबॉश म्हणजे स्टेलचे रान. सायमन्स टाऊन म्हणजे सायमनचे गाव. स्टेलनबॉशच्या मागे उभा असलेला उंच डोंगर सायमन्सबर्ग. हा सायमन व्हॅन डर स्टेल केप वसाहतीचा पहिला गव्हर्नर होता. त्याची आजी हिंदुस्थानातून आलेली गुलाम स्त्री होती, ही गोष्ट बसमध्ये क्वचितच सांगितली जाते.

सायमनचा जन्म 14 ऑक्टोबर 1639 रोजी भर समुद्रात, मॉरिशसच्या वाटेवर असलेल्या जहाजावर झाला. वडील आड्रियान हे डच ईस्ट इंडिया कंपनीतर्फे मॉरिशसचा कारभार हाती घ्यायला निघाले होते. जावामधून ऊस आणि हरणे मॉरिशसला नेणारे ते हेच. आई मारिया लिव्हन्स ही एका डच कप्तानाची मुलगी. आणि मारियाची आई मोनिका. जुन्या नोंदींत तिचा उल्लेख मोनिका द कोस्टा, म्हणजे किनाऱ्यावरची मोनिका, असा येतो. हा किनारा गोव्याचा, असे बहुतेक चरित्रकार मानतात. काहींचा कल कोरोमंडलकडे आहे. ती गुलाम होती, पुढे मुक्त झाली आणि कप्तानाची पत्नी झाली, एवढा तपशील पक्का आहे. तिचे मूळ नाव, तिचे गाव, तिचे आईवडील यांचा मागमूस उरलेला नाही. बाप्तिस्म्याबरोबर माणसाचे मागचे सारे पुसले जाई, त्याला तीही अपवाद नव्हती. वेंगुर्ल्याच्या डच वखारीचे भग्न अवशेष ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही कंपनी परकी वाटू नये. आपल्या किनाऱ्यावरून ती मिरी आणि कापडाबरोबर माणसेही नेत होती.

सायमन लहान असतानाच वडील सिलोनमध्ये सिंहली सैनिकांच्या हातून मारले गेले. मुलगा बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, वाढला. विशीत तो प्रथमच हॉलंडला गेला. सावळा वर्ण, पूर्वेकडचा जन्म, तरी कंपनीच्या जगात बापाचे नाव पुरेसे होते. 1663 मध्ये त्याने अॅमस्टरडॅमच्या धनाढ्य सिक्स घराण्यातील योहाना हिच्याशी विवाह केला. मुइडरबर्ग येथे त्याने द्राक्षाचे मळे लावले. हॉलंडच्या दमट हवेत द्राक्षे पिकवणे हा तसा आतबट्ट्याचा खटाटोप. पण वेल कसा छाटावा, फळ केव्हा उतरवावे, हे ज्ञान त्याला तिथे मिळाले आणि तेच पुढे त्याचे भांडवल ठरले. 1679 मध्ये केपचा कमांडर म्हणून त्याची नेमणूक झाली, तेव्हा योहाना मागे राहिली. मुलांबरोबर तिची बहीण केपला आली. पतिपत्नींची पुन्हा भेट झाली नाही.

ऑक्टोबर 1679 मध्ये तो उतरला तेव्हा केप ही वसाहत म्हणण्याजोगी नव्हती. यान व्हॅन रीबेक याने 1652 मध्ये जहाजांना ताजा भाजीपाला, पाणी आणि मांस पुरवण्यासाठी हे ठाणे वसवले होते. नवा किल्ला नुकता पुरा होत आला होता. द्राक्षे होती, 1659 मध्ये पहिली वाइनही निघाली होती. पण शेतकरी पाखरांच्या धास्तीने कच्चीच फळे तोडत आणि निघे ते आंबट पाणी. सायमनने आल्या आल्या महिन्याभरात आतल्या मुलुखाचा दौरा केला. डोंगरांच्या कुशीत, नदीच्या दोन प्रवाहांमधल्या हिरव्या तुकड्यावर त्याने तळ ठोकला आणि त्या जागेला स्वतःचेच नाव देऊन टाकले. विनय हा त्याचा गुण नव्हता. पुढच्याच वर्षी तिथे पहिली शेतकरी कुटुंबे वसली. त्याने ओकची झाडे लावायला लावली. आज स्टेलनबॉशच्या रस्त्यांवर जी गर्द सावली पडते, तिची सुरुवात ती. दर ऑक्टोबरात आपल्या वाढदिवसाच्या सुमारास तो तिथे जाई, जत्रा भरे, खांबावर बसवलेल्या लाकडी पोपटावर नेमबाजीची स्पर्धा होई. गावाबाहेरच्या टेकडीला अजूनही पोपटाचा डोंगर म्हणतात. द्राक्षे पिकली आहेत की नाहीत याची पाहणी झाल्यावाचून रस काढणाऱ्याला त्याने दंड बसवला. केपच्या वाइनला पहिली शिस्त लागली ती या हुकुमाने.

1685 हे त्याच्या आयुष्यातील निर्णायक वर्ष. त्या वर्षी कंपनीचा सर्वाधिकारी आयुक्त हेंड्रिक व्हॅन रीड केपला उतरला. हा तोच व्हॅन रीड, ज्याच्या पुढाकाराने मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा हॉर्टस मलबारिकस हा ग्रंथ सिद्ध झाला. त्या कामात त्याला कोचीनच्या तीन कोकणी वैद्यांनी मदत केली होती आणि त्यांचे नागरी लिपीतले प्रमाणपत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेले आहे. (पुढे 1691 मध्ये सुरतेच्या वाटेवर जहाजातच त्याला मृत्यू आला, सुरतेच्या डच दफनभूमीतली त्याची भव्य कबर अजून उभी आहे.) केपमध्ये त्याने दोन गोष्टी केल्या, त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. टेबल माउंटनच्या मागच्या दरीतली 891 मॉर्गेन, म्हणजे सुमारे 763 हेक्टर जमीन त्याने सायमनला बहाल केली. तीच कॉन्स्टॅन्शिया. आणि दुसरी : गोऱ्या पुरुषांनी पूर्णतः परदेशी रक्ताच्या गुलाम स्त्रियांशी विवाह करण्यास त्याने मनाई केली. मिश्र रक्ताच्या स्त्रियांशी विवाहाची मुभा ठेवली. ज्या कमांडरच्या हातात हा हुकूम अंमलबजावणीसाठी पडला, त्याच्या आजोबांनी केलेले लग्न या नियमात बसले नसते. सायमनच्या मनात तेव्हा काय आले असेल, याची नोंद कुठल्याही कागदात नाही. हुकूम त्याने पाळला.

त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये तो उत्तरेकडे निघाला. नामाक्वा लोकांनी किल्ल्यावर तांब्याचे तुकडे आणले होते आणि त्या तांब्याचा डोंगर शोधायचा होता. पन्नासहून अधिक युरोपीय, गुलाम, खोईखोई वाटाडे, बैलगाड्यांची रांग आणि खुद्द कमांडरसाठी घोड्यांची बग्गी असा तो तांडा होता. मार्गदर्शक, नियोजन, मुक्काम, स्वयंपाकी सारे काही बरोबर. आजच्या मंडळींची सफर याहून फार वेगळी नसते. फरक एवढाच, की तेव्हा जनावरे पाहायला दूर जावे लागत नसे. केपहून काही दिवसांच्या वाटेवरच एक प्रचंड गेंडा तांड्यावर धावून आला आणि थेट कमांडरच्या रोखाने चालून गेला. सायमन थोडक्यात बचावला. पुढे ऑक्टोबरमध्ये ते आजच्या स्प्रिंगबॉकजवळ पोहोचले, खडकात विवरे खणली, तांबे सापडले, तेही चांगल्या प्रतीचे. पण आसपास पाणी नाही, जळण नाही, जवळ बंदर नाही. पाच महिन्यांनी, जानेवारी 1686 मध्ये, तांडा परतला. ते तांबे पुढची दीडशेहून अधिक वर्षे तसेच पडून राहिले. खाणकाम सुरू झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. प्रवासाची रोजनिशी आणि तिच्यातली वनस्पती-प्राण्यांची चित्रे मात्र मौल्यवान ठरली. तिची एक प्रत 1922 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात सापडली.

आज त्या वाटेवर गेंडा नाही. फ्रान्सहूकचे जुने नाव ओलिफान्ट्सहूक, म्हणजे हत्तींचा कोपरा. 1688 पासून फ्रान्समधून धर्मच्छळाला कंटाळून पळालेले ह्युगेनॉट तिथे आले. सायमनने त्यांना जमिनी दिल्या. मात्र ते एकगठ्ठा राहू नयेत म्हणून डच शेतकऱ्यांमध्ये त्यांना विखरून टाकले आणि स्वतंत्र चर्चची मागणी त्यांनी केली तेव्हा तो भडकला. वेल वाढले, हत्ती हटले. केपचा सिंह एकोणिसाव्या शतकात नष्ट झाला, अर्ध्या अंगावर पट्टे असलेला क्वाग्गा 1883 मध्ये, निळसर हरीण त्याहूनही आधी. शिकार, गुरांचे कळप आणि नांगर यांनी मिळून हे केले. म्हणून आजच्या सहलीत द्राक्षमळा आणि सफारी यांच्यामध्ये विमानप्रवास असतो. ज्या क्रूगरमध्ये आपण जातो ते राष्ट्रीय उद्यान 1926 मध्ये घोषित झाले, केपपासून रस्त्याने दीड हजार किलोमीटरहून अधिक दूर.

जमीन खोईखोईंची होती, हे वेगळे सांगायला नको. गुरे चारणारे हे लोक आधी कंपनीला बैल-मेंढ्या विकत आणि पुढे आपल्याच चराऊ रानात परके ठरत. त्यांचा एक नायक डोर्हा, ज्याला डच क्लास म्हणत, याने सायमनला वर्षानुवर्षे गुरे मिळवून दिली. 1693 मध्ये सायमनने त्याच्याच तळावर सैनिक पाठवले, त्याला पकडले आणि रॉबेन बेटावर डांबले. त्या बेटावर पर्यटक मंडेलांची कोठडी पाहायला जातात. कैद्यांची ही परंपरा तिथे फार जुनी आहे.

1691 मध्ये कंपनीने सायमनला गव्हर्नरपद दिले. कमांडरचा गव्हर्नर झालेला केपमधला तो पहिला. किल्ल्याचे प्रवेशद्वार आज आपण ज्या बाजूने ओलांडतो, ते त्याच्या काळातले. कंपनीच्या भाजीच्या मळ्याचे त्याने अशा बागेत रूपांतर केले, की येणाऱ्या प्रवाशांनी तिची वर्णने युरोपभर नेली. 1699 मध्ये तो निवृत्त झाला आणि त्याचा मुलगा विलेम आड्रियान गव्हर्नर झाला. मुलाने सरकारी मजूर आणि साहित्य वापरून स्वतःची प्रचंड जहागीर उभी केली, वाइन आणि मांसाचा व्यापार हातात घेतला. शेतकऱ्यांनी बंड केले, तक्रारअर्ज हॉलंडला पोहोचला आणि 1707 मध्ये विलेमला परत बोलावण्याचा हुकूम केपला आला. अधिकाऱ्यांनी जमिनी बाळगू नयेत, असा दंडक त्यानंतर घातला गेला. माझ्या मते मुलाने जे उघडपणे केले त्याची पायवाट बापानेच पाडली होती. पण म्हाताऱ्याचा मळा त्याच्याकडेच राहिला. कॉन्स्टॅन्शियात, गुलामांच्या राबत्या हातांनी वेढलेला, फॉल्स बेमध्ये मासेमारीच्या नावा चालवीत तो अखेरपर्यंत राहिला. 24 जून 1712 रोजी तिथेच त्याचे निधन झाले.

त्याच्यामागे मळ्याचे तुकडे पडले. त्यांतल्या मोठ्या तुकड्याला, ग्रूट कॉन्स्टॅन्शियाला, 1778 नंतर क्लुटे घराण्याच्या हाताखाली बहर आला. तिथली गोड वाइन युरोपच्या राजवाड्यांत गेली. सेंट हेलेनावर कैदेत असलेला नेपोलियन ती मागवून घेत असे. 1925 मध्ये घर जळाले, पुन्हा बांधले गेले. पर्यटक तिथे पायऱ्या चढतात, पेले फिरवून वास घेतात. शेतमजुरांना मजुरीचा हिस्सा म्हणून वाइनच देण्याची डॉप पद्धत या मळ्यांमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकून होती आणि तिने पिढ्यान् पिढ्या बरबाद केल्या, याचा उल्लेख चवीच्या कार्यक्रमात सहसा नसतो.

उरते सायमन्स टाऊन. पेंग्विन पाहायला आपली बस तिथूनच जाते. 1949 मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी सरकारने मिश्रविवाहबंदीचा कायदा केला, 1950 मध्ये प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंदणी सुरू झाली आणि त्याच वर्षी कुणी कुठे राहावे हे ठरवणारा कायदाही आला. एक आजी हिंदुस्थानी असलेल्या माणसाला त्या नोंदवहीत गोऱ्यांच्या रकान्यात जागा मिळणे अवघड होते. 1967 मध्ये सायमन्स टाऊन केवळ गोऱ्यांसाठी राखीव असल्याचे जाहीर झाले. पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेल्या हजारो मिश्रवंशीय आणि मुस्लिम रहिवाशांना घरे सोडावी लागली. त्यांच्यातल्या पुष्कळांचे पूर्वज जावा, मलबार आणि बंगालमधून गुलाम म्हणून आणलेले होते. डोंगरापलीकडे त्यांच्यासाठी नवी वसाहत उभारली, तिला ओशन व्ह्यू असे नाव दिले. गावातली त्यांची मशीद मात्र राहिली. शुक्रवारी जुने रहिवासी डोंगर ओलांडून तिथे नमाजाला येत राहिले. पेंग्विनच्या किनाऱ्याकडे जाताना, बंदराच्या वरच्या अंगाला, ती आजही दिसते.